टर्किश टॉवेल मऊ राहण्यासाठी: धुण्याचा आणि वाळवण्याचा नेमका क्रम

टर्किश टॉवेल खरखरीत झाला की घरोघरी दोनच उपाय सुरू होतात. एक, पावडर वाढवायची. दोन, शेवटच्या पाण्यात सॉफ्टनर ओतायचं. पहिल्याने टॉवेल आणखी कडक होतो. दुसऱ्याने हाताला गुळगुळीत लागतो, पण अंगावरचं पाणी टिपण्याऐवजी नुसतं पसरवतो. मग "हल्ली चांगले टॉवेल मिळतच नाहीत" म्हणत नवा आणायचा, आणि काही महिन्यांत त्याचीही तीच गत.

टर्किश टॉवेलवर सुताचे छोटे उभे वळसे असतात, त्यांना लूप म्हणतात. हे लूप सुटे आणि उभे राहिले की टॉवेल मऊ लागतो. त्यांच्यात साबण आणि पाण्यातले क्षार अडकले, किंवा ते ओले असताना चेपले जाऊन तसेच वाळले, की टॉवेल कडक. म्हणून कामं दोनच: आत अडकलेलं बाहेर काढायचं आणि वाळण्याआधी लूप उभे करायचे. खालचे टप्पे यासाठीच आहेत. क्रम बदलू नका, कारण यातल्या निम्म्या चुका या क्रमाच्याच चुका असतात.

हे सगळं सुती टर्किश टॉवेल, नॅपकिन आणि बाथरोबसाठी आहे. पंच्याला यातलं काही लागू नाही. पंचा साध्या विणीचा असतो. तो आपटा, पिळा, उन्हात टाका, वापराने मऊच होत जातो. घोटाळा इथेच होतो: पंचा धुण्याची सवय टर्किश टॉवेलला लावली जाते.

## १. आधी पाणी ओळखा

पुढे साबण कोणता, किती आणि कितीदा खळबळायचं हे सगळं पाण्यावर ठरतं, म्हणून सुरुवात इथून. धरणातून येणारं नळाचं पाणी सहसा हलकं असतं. बोअरचं आणि उन्हाळ्यात येणाऱ्या टँकरचं पाणी बहुधा जड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ही कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी असं म्हटलं आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतली आहे. ६०० च्या पाण्यात साबणाने धुतलेला टॉवेल मऊ राहणं कठीणच.

प्रयोगशाळेत जायची गरज नाही. नळाच्या तोटीवर आणि बादलीच्या आत पांढरा थर बसतो का? गीझरच्या कॉइलवर खपली धरते का? डाळ नेहमीपेक्षा उशिरा शिजते का? दोन प्रश्नांना 'हो' असेल तर पाणी जड आहे असं धरा. आणखी खात्री हवी असेल तर एका बाटलीत अर्धी बाटली पाणी घेऊन त्यात अंगाच्या साबणाचा छोटा तुकडा टाका आणि जोरात हलवा. हलक्या पाण्यात भरपूर फेस येतो आणि खालचं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ राहतं. जड पाण्यात फेस थोडा येतो, पाणी दुधासारखं गढूळ होतं आणि वर दह्यासारखा साका तरंगतो. तो साका म्हणजे साबण आणि कॅल्शियम एकत्र येऊन झालेला, पाण्यात न विरघळणारा पदार्थ. टॉवेलच्या लूपमध्ये अडकून बसतो तो हाच.

सावध: आरओच्या फिल्टरमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून पुष्कळ घरांत ते धुण्याला वापरतात. त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. फरशी पुसा, संडासात ओता, पण टॉवेल त्यात खळबळू नका.

उलट, एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी आणि पावसाचं पाणी दोन्ही हलकं असतं. पहिल्या एक-दोन सरींनी पत्रा किंवा कौलं धुऊन निघाली की पागोळ्यांखाली बादली लावा. ज्यांच्याकडे वर्षभर बोअरचं पाणी आहे त्यांनी कडक टॉवेल दुरुस्त करण्याचं काम, जे शेवटच्या टप्प्यात दिलं आहे, पावसाळ्यासाठी राखून ठेवलं तरी चालेल.

## २. नवा टॉवेल वापरण्याआधी

दुकानातला टॉवेल मऊ लागतो त्यात कापसाइतकाच वाटा गिरणीत शेवटी लावलेल्या मऊपणाच्या द्रव्याचा असतो. हे द्रव्य पाणी टिपू देत नाही. म्हणून नवा टॉवेल आधी एकदा धुवायचा आणि मगच वापरायचा.

साध्या गार पाण्यात तासभर भिजवा, पाणी ओतून द्या, मग थोड्याशा द्रव साबणाने कोमट पाण्यात धुवा. पहिल्या दोन-तीन धुण्यांत गडद रंग थोडा सुटतो आणि तंतूही पुष्कळ निघतात. दोन्ही नेहमीचंच आहे. तेवढे दिवस गडद टॉवेल एकटा धुवा.

मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो, हा समज सोडून द्या. रंग पक्का व्हायचा तेवढा गिरणीतच झालेला असतो. जो सुटतो तो वरवर राहिलेला असतो आणि तो जायलाच हवा. मिठाने काही बिघडत नाही, घडतही नाही.

तपासा: वाळलेल्या टॉवेलवर पाण्याचा एक थेंब टाका. दोन-तीन सेकंदांत आत गेला तर टॉवेल तयार आहे. थेंब मोत्यासारखा वर बसून राहिला तर गिरणीचं द्रव्य अजून आहे. आणखी एकदा धुवा. ही थेंबाची चाचणी लक्षात ठेवा, पुढेही लागणार आहे.

## ३. धुण्याआधीची वाटणी

टॉवेल टॉवेलांबरोबरच. काळ्या पँटला तंतू चिकटतात ही छोटी गोष्ट झाली. मोठं नुकसान होतं ते ब्लाउजचे हूक, पँटच्या चेन आणि बुटाच्या किंवा पिशवीच्या चरचरीत चिकटपट्ट्यांमुळे. त्या लूप ओढून बाहेर काढतात.

एखादा लूप लांब लोंबताना दिसला तर ओढू नका. कात्रीने मुळाशी कापून टाका. विणलेल्या कापडात लूपचा धागा खालच्या ताण्याबाण्यात धरलेला असतो, त्यामुळे कापल्याने टॉवेल उसवत नाही. ओढल्याने मात्र शेजारच्या चार लूपची जागा रिकामी होते.

तेलाचे टॉवेल वेगळे काढा. खोबरेल तेल लावून आंघोळ करणाऱ्या घरात, किंवा बाळाला रोज मालिश होत असेल तर, टॉवेलच्या आतपर्यंत तेल जातं आणि साध्या धुण्याने पूर्ण निघत नाही. उरलेलं तेल खवट होतं. धुतलेल्या, इस्त्रीच्या कपड्यांच्या कपाटात येणारा तो जुनाट वास बऱ्याचदा याचाच. अशा टॉवेलवर भांडी घासायच्या द्रवाचे काही थेंब डागाच्या जागी चोळा, पंधरा मिनिटं ठेवा, मग गरम पाण्यात धुवा. त्याहून सोपं म्हणजे दिवाळीतल्या अभ्यंगाला आणि रोजच्या तेलाला पंचा ठेवायचा. तो उकळत्या पाण्यात टाकला तरी तक्रार करत नाही.

सावध: तेल पूर्ण न निघालेले टॉवेल गरम ड्रायरमध्ये टाकू नका, आणि ड्रायरमधून काढलेले गरमागरम घडी घालून रचू नका. तेलकट कापडाची उष्णता आतल्या आत वाढत जाऊन पेट घेतल्याचे प्रकार मालिश केंद्रांच्या लाँड्रीत घडलेले आहेत.

ओला टॉवेल मळक्या कपड्यांच्या टोपलीत कोंबू नका. आधी पसरून वाळू द्या, मगच टोपलीत.

## ४. साबण: कोणता आणि किती

साबणाची वडी आणि ब्रश, दोन्ही टर्किश टॉवेलला वर्ज्य. वडी लूपमध्ये घासली जाते आणि तिथेच राहते. जड पाण्यात तिचाच साका होतो. ब्रश लूप तोडतो. घरी धुण्याला मावशी येत असतील तर त्यांना सगळा लेख समजावत बसू नका, तीन गोष्टी सांगा: टॉवेलला वडी नको, ब्रश नको, पीळ नको. एवढ्याने अर्धं काम होतं.

टॉवेलला द्रव डिटर्जंट चांगलं. पावडर वापरायची असेल तर आधी तांब्याभर कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून मग ओता. कोरडी पावडर टॉवेलवर भुरभुरली तर दाणे लूपमध्ये अडकतात आणि शेवटच्या पाण्यापर्यंत तिथेच सापडतात.

प्रमाणाचा नियम सरळ आहे. पाणी हलकं असेल तर पाकिटावर दिलेल्या मापाच्या निम्मं घ्या, कारण अंग पुसलेला टॉवेल शेतातल्या कपड्यांइतका मळलेला नसतो. पाणी जड असेल तर पूर्ण माप घ्या, पण द्रवच, आणि खळबळण्याचं एक पाणी वाढवा. दोन्हीकडे मापाच्या वर मात्र जाऊ नका. फेस जास्त म्हणजे टॉवेल स्वच्छ, हे टॉवेलच्या बाबतीत साफ खोटं आहे.

सॉफ्टनरबद्दल माझं मत स्पष्ट आहे: टर्किश टॉवेलला ते लागत नाही. ते तंतूवर मेणचट पापुद्रा चढवतं. साडीला, शर्टाला ठीक आहे. टॉवेलचं काम पाणी पिणं, आणि तेच त्याने बंद पडतं. घरात कुणाला सुवासाचा फारच आग्रह असेल तर चार-पाच धुण्यांतून एकदा, तेही पाव मापाने.

ब्लीचबद्दल एवढंच, की बोअरच्या पाण्यात लोह असेल तर क्लोरीनच्या ब्लीचने पांढरे टॉवेल पिवळे पडतात. पांढऱ्यांसाठी ऑक्सिजनवालं ब्लीच बरं.

## ५. प्रत्यक्ष धुणं

मशीनमध्ये धुताना सर्वांत मोठी चूक म्हणजे ड्रम गच्च भरणं. हिशोब करून पाहा. ७० बाय १४० सेंटिमीटरचा, ४५० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाचा) टॉवेल कोरडा असताना साधारण ४४० ग्रॅम भरतो. साडेसहा किलोच्या मशीनमध्ये वजनाने असे चौदा मावतील, पण पाणी प्यायल्यावर ते एकमेकांत दाबून बसतात आणि मधल्या टॉवेलांपर्यंत ना साबण पोहोचतो ना खळबळण्याचं पाणी. पाच पुरे, फार तर सहा. ड्रम भरल्यावर वर हात सहज आडवा फिरला पाहिजे. एकच टॉवेल धुणंही बरं नाही. पाणी काढताना तो एका बाजूला गोळा होऊन मशीन थडथडायला लागतं.

वरून कपडे टाकायच्या मशीनमध्ये पाण्याची पातळी सर्वांत वरची ठेवा. पुढून दार असलेलं मशीन मुळातच कमी पाणी घेतं, म्हणून त्यात 'एक्स्ट्रा रिन्स' चालू करा. रोजच्या टॉवेलांना ४० अंश पुरेसं आहे. घरात कुणी आजारी असेल, त्वचेचा त्रास असेल किंवा टॉवेलला वास धरला असेल तेव्हा ६० अंश, पण तेही पांढऱ्या आणि फिक्या रंगांना.

मशीनला हीटर नसेल तर गीझरचं पाणी बादलीत घ्या, साबण विरघळवा आणि टॉवेल त्यात वीस-तीस मिनिटं भिजवून मग मशीनमध्ये टाका. रात्रभर भिजत ठेवायची सवय मोडा. सुटलेला मळ आणि साका पुन्हा कापडात मुरतो, आणि उकाड्यात सकाळपर्यंत पाण्याला वास येतो.

हाताने धुणाऱ्यांसाठी: मोठं टब घ्या, बादली नको. कोमट साबणाच्या पाण्यात टॉवेल पसरून बुडवा, तळव्यांनी दाबा, सोडा, उलटा करा, पुन्हा दाबा. पायाने तुडवलं तरी चालेल, हलक्या पायाने. दगडावर आपटणं आणि धोपटणं नको. धोपटल्याने मळ निघतो हे खरं आहे, पण लूप चपटे होतात आणि कडेची शिवण आधी जाते. ती गेली की कडेचे धागे सुटायला वेळ लागत नाही.

## ६. खळबळणं: इथेच सगळं ठरतं

घाई होते ती इथे. धुणं झालं, फेस गेला, म्हणून टॉवेल दोरीवर जातो. वरचा फेस गेलेला असतो. लूपच्या मुळाशी साबण असतो.

पहिलं खळबळणं शक्य असेल तर कोमट पाण्यात करा. गार पाण्यापेक्षा साबण लवकर सुटतो. दुसरं गार पाण्यात. पाणी जड असेल तर तिसरं.

शेवटच्या पाण्यात थोडं आम्ल. १५ लिटरच्या बादलीला अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर, किंवा एक चहाचा चमचा लिंबूसत्त्व, म्हणजे किराणा दुकानात मिळणारं सायट्रिक ॲसिड. याने डिटर्जंटचा उरलेला खारेपणा मोडतो आणि थोडे क्षारही सुटतात. टॉवेल त्यात पाच मिनिटं हलवा आणि मग एकदा साध्या पाण्यातून काढा. लिंबाचा रस पिळू नका. त्यातली साखर आणि गर कापडात राहतो. दर धुण्याला आम्ल लागत नाही. हलक्या पाण्यात महिन्यातून एकदा, जड पाण्यात दर दुसऱ्या-तिसऱ्या वेळी. मशीनमध्ये ते रोज ओतू नका, रबराच्या भागांना ते मानवत नाही.

सावध: व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व ब्लीचबरोबर कधीही एकत्र करू नका. क्लोरीन वायू सुटतो आणि तो छातीत भरतो. ज्या बादलीत ब्लीच होतं ती धुतल्याशिवाय वापरू नका. दुसरं, शहाबादी, कडप्पा, कोटा आणि संगमरवरी फरशी चुनखडीच्या दगडाची असते. तिच्यावर हे पाणी सांडून राहिलं तर चकाकी जाते. लगेच पुसा.

तपासा: धुऊन झालेल्या टॉवेलचं टोक स्वच्छ कोमट पाण्याच्या भांड्यात बुडवून जोरात चोळा. पाणी गढुळलं किंवा कडेला फेस आला तर टॉवेल अजून खळबळायचा आहे. ही चाचणी मशीनमधून काढलेल्या टॉवेलवरही करून बघा. मापाबद्दलची तुमची सगळी समजूत बदलेल.

## ७. पाणी काढणं

दोन माणसांनी दोन टोकं धरून पीळ घालायचा, ही चादरीची पद्धत. टर्किश टॉवेलमध्ये त्याने लूप एकमेकांत गुंततात, आडवे होतात आणि तसेच वाळतात.

मशीन असेल तर पूर्ण स्पिन द्या; पुढून दार असलेल्याला मिनिटाला ८०० ते १००० फेरे ठीक. फिरण्याने पाणी निघतं, पीळ बसत नाही. सेमी-ऑटोमॅटिकच्या स्पिनरमध्ये एका वेळी दोनच टॉवेल, समोरासमोर गोलाकार बसवून, वरची चकती दाबून.

मशीन नसेल तर टॉवेल चौपदरी घडी करून टबाच्या कडेवर किंवा धुण्याच्या दगडावर ठेवा आणि तळव्यांनी वरून खाली दाबत आणा. मग दांडीवर टाकून दहा-पंधरा मिनिटं निथळू द्या. उरलेल्या पाण्याची काळजी नको, पुढच्या टप्प्यात ते जातं.

स्पिन संपलं की लगेच बाहेर काढा. ड्रमला चिकटून तासभर पडलेल्या टॉवेलचे लूप चपटे होतातच, शिवाय वासाची सुरुवातही तिथेच होते.

## ८. झटकणं आणि वाळवणं

सगळ्या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. ओला टॉवेल आखूड बाजूची दोन टोकं धरून जोरात झटका. फटका ऐकू आला पाहिजे. पाच-सहा वेळा. मग उलटा धरून दुसऱ्या टोकाकडून तितकेच. चेपलेले लूप उभे होतात, तंतू झडतात, आणि लूपमधून हवा खेळायला लागते. शेजारची गॅलरी जवळ असेल तर आधी बघून घ्या.

असं का, याचं उत्तर मोठं मजेदार आहे. होक्काइदो विद्यापीठ आणि काओ कंपनी यांच्या जपानी संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं, की दोरीवर पूर्ण वाळलेल्या सुती टॉवेलच्या तंतूंवरही पाण्याचा अतिसूक्ष्म थर उरतो आणि तो तंतूंना एकमेकांशी गोंदासारखा जोडतो. टॉवेल निश्चल टांगला तर हे जोड जागच्या जागी पक्के होतात. वाऱ्यावर हलत वाळलेला टॉवेल मऊ आणि बंद खोलीत वाळलेला ताठ, ते यामुळे. अगदी स्वच्छ धुतलेला टॉवेलही ताठ होऊ शकतो, म्हणून नुसतं धुणं सुधारून भागत नाही.

टांगताना दोरीवर मधोमध दुहेरी टाकू नका. आतल्या दोन बाजू एकमेकींना चिकटतात, तिथे वारा जात नाही आणि दोरीची घडी कडक रेघ होऊन राहते. आखूड बाजूने दोन-तीन चिमटे लावून पूर्ण लांबीने सोडा. जागा नसेल तर दोन शेजारच्या दोऱ्यांवर टाका, म्हणजे मध्ये पोकळी राहते. लोखंडी तारेचा गंज पांढऱ्या टॉवेलवर उतरतो आणि निघत नाही. तार असेल तर आधी पुसा, शक्यतो नायलॉनची दोरी बांधा.

ऊन की सावली? सकाळचं ऊन आणि वारा उत्तम. मे महिन्यातलं दुपारचं ऊन, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यातलं, टॉवेलला पापडासारखं करून ठेवतं, रंगही उडवतं. तिथे सावलीतला वाराच पुरे. उन्हात घातलाच तर वाळला की लगेच काढा. संध्याकाळपर्यंत विसरू नका.

अर्धा वाळला की, म्हणजे हाताला दमट लागतो पण पाणी जाणवत नाही तेव्हा, पुन्हा पाच-सहा वेळा झटका आणि वरचं टोक खाली करून टांगा. लूप कोणत्या बाजूला झुकून वाळणार हे याच वेळी ठरतं. पूर्ण वाळल्यावर तिसऱ्यांदा झटकून, तळव्यांत थोडं कुस्करून, मग घडी.

ड्रायर असेल, परदेशातल्या बहुतेक मराठी घरांत असतोच, तर दोरी आणि ड्रायर मिळून सर्वांत चांगलं काम होतं. आधी दहा मिनिटं कमी उष्णतेवर फिरवा, मग दोरीवर. पूर्ण ड्रायरमध्येच वाळवायचा असेल तर किंचित दमट असतानाच काढा. जास्त भाजला की तंतू ठिसूळ होतात. जाळी दर वेळी साफ करा.

इस्त्री नको. टॉवेल गुळगुळीत दिसतो खरा, पण जे लूप एवढ्या खटपटीने उभे केले ते सगळे झोपतात.

तपासा: घडी घालण्याआधी जाड काठाची पट्टी आणि कोपरे गालाला लावून बघा. टॉवेल तिथे शेवटी वाळतो. गार लागलं तर अजून ओल आहे.

## ९. पावसाळ्यात

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हवेतच इतकी ओल असते की टॉवेल दोन दिवस वाळत नाही. इथे मऊपणापेक्षा वासाशी झगडा असतो. हा वास देणारे जीवाणू, त्यातला मोराक्सेला ओस्लोएन्सिस हा मुख्य, धुतल्यानंतरही कापडात तग धरतात आणि टॉवेल जितका वेळ ओला राहील तितके वाढतात. म्हणजे खरी लढाई वाळायला लागणाऱ्या वेळेशी.

पावसाळ्यात जाड टॉवेल बाजूला ठेवा आणि ३०० ते ४०० जीएसएमचे पातळ वापरा. स्पिन दोनदा द्या. एका दिवशी सगळे धुण्याऐवजी दोन-दोन धुवा, म्हणजे दोरीवर हातभर अंतर ठेवता येईल. पंख्याखाली वाळत घाला, पण पंखा सरळ वरून नको. टेबलफॅन बाजूने लावला तर टॉवेल हलतो आणि हलणं आपल्याला हवंच आहे. खिडकी एक तरी उघडी, नाहीतर तीच ओली हवा खोलीभर फिरत राहते. एसी किंवा डीह्युमिडिफायर असलेल्या खोलीत काम फार लवकर होतं.

वास धरलाच तर सुगंधी द्रव वाढवून तो झाकला जातो, जात नाही. ६० अंशाच्या पाण्यात ऑक्सिजनवालं ब्लीच घालून धुवा आणि त्याच दिवशी वाळेल अशी सोय असेल तेव्हाच धुवा.

वापरलेला टॉवेल बाथरूममधल्या खिळ्याला एका बिंदूत लटकवू नका. दांडीवर पसरा, दार उघडं ठेवा. तीन-चार वापरांनंतर धुवा, पावसाळ्यात त्याआधी.

## १०. आधीच कडक झालेला टॉवेल

यासाठी सुट्टीची सकाळ काढा. एका वेळी दोनच टॉवेल.

सगळीकडे दिसणारी चूक: व्हिनेगर आणि सोडा एकाच बादलीत. भरपूर फसफसतं, छान वाटतं, आणि दोघंही एकमेकांना मारून टाकतात. उरतं जवळजवळ नुसतं मिठाचं पाणी. दोघांची कामं वेगळी आहेत, म्हणून पाणीही वेगळं.

पहिलं पाणी आम्लाचं. प्लास्टिकच्या टबात दहा लिटर कोमट पाणी, त्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व पूर्ण विरघळवा. टॉवेल अर्धा ते पाऊण तास बुडवा, मध्येमध्ये हलवा. क्षार विरघळतात आणि साबणाचा साका फुटून त्यातला चरबीचा भाग मोकळा होतो. पाणी गढूळ झालं तर समजा, टॉवेलमध्ये बरंच काही होतं.

मग साध्या पाण्यातून दोनदा काढा.

दुसरं पाणी सोड्याचं. दहा लिटर गरम पाणी, दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि नेहमीच्या निम्मं द्रव डिटर्जंट. खाण्याचा सोडा नको, तो इथे फार सौम्य पडतो. हातमोजे घाला. अर्धा तास भिजवून दाबत धुवा. मोकळी झालेली चरबी, जुनं तेल आणि सॉफ्टनरचा पापुद्रा इथे सुटतो. पाणी जड असेल तर या पायरीला पावसाचं किंवा दुसरं हलकं पाणी मिळवाच, कारण सोडा जड पाण्यातल्या कॅल्शियमचा पुन्हा पांढरा साका करतो.

त्यानंतर तीन पाण्यांतून खळबळा, सहाव्या टप्प्यातलं हलकं आम्लाचं पाणी द्या, साध्या पाण्यातून काढा, स्पिन, आणि आठव्या टप्प्याप्रमाणे झटकून वाळत घाला.

सावध: लिंबूसत्त्वाच्या पाण्यात टॉवेल रात्रभर ठेवू नका, आणि ते पाणी कापडात असताना वाळवू नका. वाळताना आम्ल तीव्र होत जातं आणि सुताला कमजोर करतं.

तपासा: थेंबाची चाचणी. थेंब आत गेला पण टॉवेल अजून थोडा खरखरीत असेल तर आठवड्याने पुन्हा एकदा करा. थेंब वरच राहिला तर सॉफ्टनर उरलं आहे. तेव्हा फक्त सोड्याचं पाणी पुन्हा द्या, आम्लाचं नाही.

दोनदा करूनही फरक पडला नाही तर टॉवेल उजेडात धरून पाहा. लूप झिजून खालचं विणकाम आरपार दिसत असेल, तर तो अंग पुसण्याच्या कामातून निवृत्त करा. चार तुकडे कापा, कडा दुमडून शिवा आणि ओटा पुसायला वापरा. लूप शाबूत असतील तर मात्र टाकू नका. बोअरच्या पाण्यावर असलेल्या घरांत ही दुरुस्ती वर्षातून दोनदा लागते, हलक्या पाण्यावर वर्षातून एकदाही पुरते.